काटा चढला, पण इंजिन तापलंय का?

जुलैतल्या एका शनिवारी बर्मिंगहॅमबाहेर एम-४२ वर वाहतूक पार ठप्प झाली होती. इंग्लंडातलं ते वर्षातून चार दिवस पडणारं ऊन, गाडीचं छप्पर उघडं, शेजारी बायको, मागे चहाची थर्मास. आणि माझ्या १९७८ सालच्या एमजीबीचा पाण्याचा काटा एन अक्षर सोडून एचकडे निघालेला. या गाडीच्या काट्यावर अंश लिहिलेले नाहीत. नुसती तीन अक्षरं आहेत, सी, एन आणि एच. थंड, नेहमीचं, गरम. एन आणि एच यांच्यामध्ये काटा कुठे उभा राहिला म्हणजे माणसाने घाबरावं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

मी घाबरलो. त्या आठवड्यात थर्मोस्टॅट बदलला. काटा तसाच. पुढच्या पगारावर नवा रेडिएटर आणला. काटा तसाच. मग वॉटर पंपाकडे संशयाने पाहायला लागलो, तेव्हा आमच्या मोटार-मंडळींपैकी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला. ‘पेट्रोलचा काटा काय म्हणतो?’

पेट्रोलचा काटा? पाण्याच्या तक्रारीत पेट्रोलचा काय संबंध? पण आठवून पाहिलं तर टाकी भरली की तो काटा फुलच्या रेघेच्याही पलीकडे जाऊन बसायचा, आणि पाव टाकी उरली असताना अर्धी दाखवायचा. मला ते वर्षभर छान वाटत होतं. गाडी कमी पिते असं वाटायचं.

दोन्ही काटे एकाच डबीतून वीज घेत होते आणि ती डबी बिघडलेली होती. इंजिन ठणठणीत होतं. हा लेख त्या मूर्खपणाची भरपाई म्हणून लिहितो आहे. जुनी स्पोर्ट्‌स कार पाळणाऱ्या कोणालाही, मग ती कोव्हेंट्रीत असो, न्यू जर्सीत असो की पुण्यात कोथरूडच्या पार्किंगमध्ये चादरीखाली झोपलेली असो, तो लागू पडावा. उदाहरण मात्र एमजीबीचंच घेतो, कारण हात तिच्यातच काळे झाले आहेत.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला तयार झाली, पाच लाखांहून अधिक. तिचं १७९८ सीसीचं ‘बी-सिरीज’ इंजिन आपल्याला परकं नाही. आपल्या अँबॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते याच घराण्यातलं, आणि एमजीबीच्या आधीच्या एमजीए १५०० मध्येही तेच १४८९ सीसीचं माप होतं. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, रेडिएटरवर ओला फडका टाकून उभ्या राहिलेल्या अँबॅसेडर ज्यांनी लहानपणी पाहिल्या असतील त्यांनी या स्पोर्ट्‌स कारच्या चुलत बहिणीला ताप आलेला पाहिला आहे, एवढंच समजावं. अँबॅसेडरवर हात बसलेला जुना मेकॅनिक तुमच्या गावात अजून असेल तर त्याला सोडू नका. सुटे भाग वेगळे असले तरी इंजिनाचा स्वभाव त्याला पाठ आहे.

आधी काट्याची उलटतपासणी

डॅशबोर्डवरचा काटा तापमान मोजत नाही. तो विजेचा प्रवाह मोजतो आणि आपण त्याला तापमान म्हणतो. इंजिनाच्या हेडमध्ये एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. पाणी जसं तापेल तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो, प्रवाह वाढतो, काटा वर जातो. या साखळीत सेन्सर, त्याची एकुलती एक तार, काट्याचं यंत्र, आणि या सगळ्याला ठरावीक दाबाने वीज पुरवणारा स्टॅबिलायझर, एवढे साक्षीदार आहेत. एकानेही खोटं सांगितलं की इंजिनावर आळ येतो.

स्टॅबिलायझर म्हटलं की आपल्याला फ्रीजच्या मागची पेटी आठवते. काम तेच, आकार काड्यापेटीहून लहान. धावत्या गाडीत विजेचा दाब बारा ते साडेचौदा व्होल्टच्या मध्ये हलत राहतो. काटे त्याच्याबरोबर नाचू नयेत म्हणून स्मिथ्स कंपनीने हा डबा दिला. आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी आणि तिच्याभोवती तापणारी तार. पट्टी तापली की वाकते, जोड तुटतो; थंड झाली की पुन्हा जुळतो. या उघडझापीतून सरासरी दहा व्होल्ट बाहेर पडतात. आता गंमत बघा. ती तार तापायला अर्थिंग लागतं, आणि अर्थिंग मिळतं डबा ज्या स्क्रूने पत्र्याला घट्ट केला आहे त्या स्क्रूतून. स्क्रू गंजला किंवा कोणी पत्रा रंगवून त्यावर डबा बसवला, की अर्थिंग गेलं. तार तापत नाही, पट्टी वाकत नाही, जोड कायम जुळलेला, आणि दोन्ही काट्यांना दहाऐवजी पूर्ण बॅटरीचा दाब. दोघेही बढाया मारू लागतात.

म्हणून पहिली चाचणी फुकट आहे: पेट्रोलचा काटा खोटी श्रीमंती दाखवतो का ते पाहा. दाखवत असेल तर रेडिएटरला हातही लावू नका. चाळीस पैशांचा स्क्रू काढा, पत्रा कानशीने घासून चकचकीत करा, परत घट्ट करा. मल्टिमीटर असेल तर डब्याच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला लावून पाहा. आकडे वरखाली उड्या मारत असतील तर डबा जिवंत आहे. सरळ बारा-तेरा व्होल्टवर थांबले असतील तर तो गेला. हल्ली त्याच आकारात इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर मिळतात. आत तीन पायांची दहा व्होल्टची चिप असते. मी तोच बसवला आहे आणि मूळ डबा जपून ठेवला आहे, कारण जुन्या गाडीवाल्याला काहीच फेकवत नाही.

दुसरी चाचणी सेन्सरच्या तारेची. इग्निशन चालू ठेवून सेन्सरवरची तार काढा. काटा सीवर आला पाहिजे. तीच तार क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवा. काटा एचकडे धावला पाहिजे. जास्त वेळ धरू नका, काट्याचं यंत्र जळेल. तार काढूनही काटा खाली येत नसेल तर ती वाटेत कुठेतरी सोलून धातूला लागते आहे. जुन्या गाडीत ती एक्झॉस्टजवळून गेलेली असते आणि वरचं कापडी आवरण पापडासारखं कुरकुरीत झालेलं असतं.

तिसरा घोटाळा स्वतः आपण करतो. नवा सेन्सर बसवताना पाणी गळू नये म्हणून आट्यांवर नळ बसवणारे वापरतात ती पांढरी टेप गुंडाळतो. सेन्सरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. जाड गुंडाळली की रोध वाढतो आणि काटा खरं तापमान लपवून खालचं दाखवू लागतो, जे वरचं दाखवण्यापेक्षा कितीतरी वाईट. शिवाय ‘या गाडीला चालतो’ म्हणून मिळणारा प्रत्येक सेन्सर त्या काट्याचा जोडीदार असतोच असं नाही. सेन्सर बदलला त्या दिवसापासून काटा वेगळं बोलू लागला असेल तर चोर समोरच आहे.

माझ्या गाडीहून जुन्या असलेल्या बऱ्याच एमजीबींत तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान दाखवणारा एकत्र गोल असतो. तिथे वीजच नाही. हेडमधल्या बल्बपासून काट्यापर्यंत तांब्याची केसासारखी बारीक नळी येते, आत ईथर भरलेलं. तापलं की बाष्पाचा दाब वाढतो आणि काटा ढकलला जातो. हा काटा सहसा प्रामाणिक असतो, पण बल्ब हेडमध्ये गंजून घट्ट बसलेला असताना पान्याने नट फिरवला की नळीही पिळली जाते, चिरते, आणि काटा कायमचा मरतो. नट फिरवा, नळी स्थिर राहू द्या. हे वाक्य मी एक नळी तोडल्यानंतर शिकलो.

खरं तापमान किती?

काट्याला खोटं ठरवायचं तर खरं मोजायला हवं. इन्फ्रारेड थर्मामीटर, तो बंदुकीसारखा दिसणारा, कोविडच्या काळात घराघरांत आला. कपाळ मोजणारा मात्र इथे चालत नाही, त्याची मजल चाळिसाच्या आसपास संपते. दुकानात यंत्रांसाठीचा वेगळा मिळतो, तो घ्या. तो वापरताना बहुतेक जण एक चूक करतात. चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा पितळेवर नेम धरला तर तो वीस-तीस अंश कमी दाखवू शकतो, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही, आजूबाजूचीच परावर्तित करतो. थर्मोस्टॅटच्या झाकणावर काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोन चिकटवा आणि कायम तिथेच नेम धरा.

गाडी चांगली वीस मिनिटं चालवून आणा. एमजीबीला तीन प्रकारचे थर्मोस्टॅट दिले जात: उष्ण देशांसाठी ७४ अंशांचा, नेहमीचा ८२ चा आणि थंडीसाठी ८८ चा. ८२ चा बसवला असेल तर त्या टेपवर ८० ते ९५ अंशांमधलं काहीही निरोगी समजावं. गर्दीत थांबल्यावर शंभराच्या जवळ गेलं तरी लगेच देव पाण्यात ठेवायचं कारण नाही, कारण पाणी बंद भांड्यात आहे. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, कुकरच्या शिट्टीसारखं. १० पौंडांचं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा साधारण ११५ अंशांना उकळतं, १५ पौंडांचं असेल तर १२० च्या आसपास. त्यात निम्मं कूलंट असेल तर अजून काही अंश हाताशी राहतात. उलट झाकण बिघडलं असेल आणि तुम्ही महाबळेश्वरला गाडी नेलीत, तर तिथे उघडं पाणी ९५ च्या जरा पुढेच उकळतं. मग ९५ अंशांचं निरोगी इंजिन वाफ सोडतं आणि आपण घाटाला शिव्या देतो.

इंजिन बंद केल्यावर पुढची पाच-दहा मिनिटं तापमान वर जाणं हाही रोग नाही. पाणी फिरायचं थांबतं, लोखंडातली उष्णता पाण्यात उतरत राहते. पेट्रोल भरून परत गाडी सुरू केली की काटा वर दिसतो आणि मैलभरात खाली येतो. तो येत असेल तर विसरून जा.

आता मोजलं आणि आकडा खरोखर १०५ च्या पुढे निघाला. मग काटा खरा, आणि पुढची कामं खरी.

कधी तापते, हेच निम्मं निदान

डॉक्टर ताप कधी येतो विचारतात, सकाळी की संध्याकाळी. गाडीलाही तोच प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत लिहा. गर्दीत थांबल्यावर तापते आणि रस्ता मोकळा झाला की निवते? मग पाणी फिरतंय, हवा फिरत नाही. पंखा बघा. गर्दीत ठीक असते पण तासाला शंभर किलोमीटरने किंवा घाट चढताना तापते? मग हवा भरपूर आहे, पाणीच पुरेसं फिरत नाही किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता निर्माण करतंय. थंड इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटांतच काटा उडी मारतो? मग थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पाण्यात हवेचा गोळा अडकला आहे, किंवा, वाईट बातमी, हेड गॅसकेट.

पंख्यापासून सुरुवात करतो. जुन्या एमजीबीत तो इंजिनालाच जोडलेला असतो, बेल्ट ढिला असेल तेवढाच त्याचा दोष. पण तो उलटा बसवलेला मी स्वतः पाहिला आहे. पाती हवा ओढतात पण आळसाने. नंतरच्या रबरी बंपरच्या गाड्यांत, म्हणजे माझ्यासारख्या, विजेचा पंखा आहे आणि तो रेडिएटरवरच्या एका तापमान-स्विचवर सुरू होतो. तो स्विच रबरी बुचात बसवलेला असतो. दाब वाढला की बुचासकट बाहेर उडी मारण्याची त्याची जुनी खोड आहे, म्हणून तो धरून ठेवणारी क्लिप जागेवर आहे का ते पाहा. पंखा फिरत नसेल तर स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडा. फिरला तर स्विच गेला, नाही फिरला तर फ्यूज, तार किंवा मोटर. आणि फिरत असेल तर कोणत्या बाजूला हवा जाते ते एक कागद धरून पाहा. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचा अधिक ध्रुव बॉडीला. अशा गाडीत नंतर बसवलेला पंखा डोळे झाकून जोडला तर तो उलटा फिरतो आणि धावत्या गाडीत समोरून येणाऱ्या हवेशी भांडतो.

हौशी माणसं समोर पिवळे स्पॉट लॅम्प, क्लबचा बिल्ला, मोठी नंबर प्लेट लावतात. जाळीच्या पुढे जे लटकतं ते हवा अडवतं. रेडिएटरच्या कडेने रबरी किंवा फोमच्या पट्ट्या असायला हव्यात; त्या नसतील तर हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी बाजूने पळून जाते. पाण्याचा ओघ चढापेक्षा उताराकडे जातो तसंच हे. फोम विकत घ्यायला दोनशे रुपये लागत नाहीत आणि माझ्या ओळखीच्या एका गाडीचा ताप तेवढ्यावर उतरला.

पाण्याच्या बाजूला सगळ्यात मोठा संशयित रेडिएटरच. त्याच्या आतल्या नळ्या गंज आणि क्षारांनी बुजतात. इन्फ्रारेड थर्मामीटर पुन्हा काढा आणि गरम रेडिएटरवर रेघा मारल्यासारखा फिरवा. काळा रंग दिलेला असतो म्हणून इथे टेप लागत नाही. मध्येच एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा दहा-पंधरा अंश थंड लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाडीत हे होणारच. किटलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच तिथे. कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, आरओचं चालेल, विहिरीचं किंवा बोअरचं नको. आणि पुण्यात बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असं म्हणू नका. त्याचं निम्मं काम गंज रोखणं आहे.

इथे आपल्याकडचा माणूस नशीबवान आहे. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरचा वरचा डबा उघडून, आत सळ्या घालून रॉडिंग करून, पुन्हा डाग देणारे कारागीर महाराष्ट्रात प्रत्येक मोठ्या गावात आहेत. इंग्लंडात तेवढ्याच कामाचा खर्च ऐकून मी नवाच विकत घेतला, आणि तो कसा वाया गेला ते वर सांगितलंच आहे.

रेडिएटर साफ करून इंजिन विसरू नका. गाळ सगळ्यात जास्त साचतो ब्लॉकमध्ये, मागच्या सिलिंडरच्या आजूबाजूला, कारण पाणी तिथे सगळ्यात संथ असतं. ब्लॉकला पाणी काढायचा नळ असतो. तो उघडून काहीच आलं नाही तर ‘पाणी संपलं’ असं समजू नका, नळाच्या तोंडाशी गाळ बसला आहे. तार घालून कोरा. निघेल ती लाल चिखलाची पेस्ट पाहून जेवण जाणार नाही, पण निदान होईल.

होज पाइप हाताने दाबून पाहा. रेडिएटरच्या तळातून पंपाकडे जाणारा पाइप शोषणाच्या बाजूचा असतो. तो मऊ पडला असेल तर जास्त आरपीएमवर आतून चिकटतो आणि पाणी बंद होतं. गाडी उभी असताना तो अगदी निर्दोष दिसतो. कोणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि तुम्ही पाइपाकडे बघा, हात पंख्यापासून दूर ठेवून.

झाकणाबद्दल एक सूचना. दोन झाकणं सारखी दिसतात, पण त्यांच्या आतल्या दट्ट्याची लांबी वेगळी असते. रेडिएटरच्या मानेपेक्षा आखूड दट्ट्याचं झाकण बसवलं तर ते छान घट्ट बसतं आणि दाब अजिबात धरत नाही. दुकानात जुनं झाकण घेऊन जा. ज्या जुन्या गाड्यांना वेगळी एक्स्पान्शन टाकी नाही त्यांत आणखी एक खुळं दुखणं असतं. मालक रोज सकाळी रेडिएटर काठोकाठ भरतो, पाणी तापून फुगतं आणि जास्तीचं रस्त्यावर सांडतं, मालक म्हणतो गाडी पाणी खाते, आणि दुसऱ्या दिवशी परत काठोकाठ भरतो. काठाखाली एक-दीड इंच पातळीवर ती स्वतःहून स्थिरावते. तिला तिथे राहू द्या.

थर्मोस्टॅट काढून टाका, असं सांगणारे

आपल्या गॅरेजांत गाडी तापली की पहिला उपाय हाच. ‘साहेब, आपल्या हवेला लागत नाही तो, काढून टाकतो.’ मला या सल्ल्याबद्दल राग नाही, कारण तो अनुभवातून आलाय. थर्मोस्टॅट बंद अडकला तर इंजिन खरोखरच मरतं, आणि काढून टाकला की ती भीती संपते. पण सकाळी इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, तोवर ते जास्त पेट्रोल पितं, तेल पातळ होत नाही, सिलिंडर झिजतात. आणि जी गाडी थर्मोस्टॅट काढल्यावर ‘बरी’ झाली तिचा मूळ आजार, बुजलेला रेडिएटर किंवा थकलेला पंप, तसाच झाकला गेला. मेमध्ये तो परत येतो. काढायचाच तर काढून तपासा. पातेल्यात पाणी, दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर. ८२ चा असेल तर ८२ च्या आसपास हळूहळू तोंड उघडू लागेल आणि उकळायच्या आधी पूर्ण उघडेल. नाही उघडला तर नवा आणा. ते पातेलं नंतर चहाला वापरू नका.

आता ज्या कारणाकडे कोणाचं लक्षच जात नाही ते. इंजिन तापायला पाणीच कारणीभूत असतं असं नाही. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल तर पेट्रोल उशिरा जळतं, ज्वाला एक्झॉस्टमध्ये शिरेपर्यंत जळतच राहते आणि हेड उगाच भाजलं जातं. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरवरच्या गोल व्हॅक्यूम डबीची नळी तोंडाने ओढून पाहा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि जीभ टोकावर धरली की तशीच राहिली पाहिजे. हवा सुळसुळ येत असेल तर आतलं रबर फाटलं आहे. दुसरं, पेट्रोल-हवेचं मिश्रण. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं झालं, भारतात पंपांवर आता २० टक्क्यांचं आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे १९७० च्या पेट्रोलसाठी लावलेला कार्बुरेटर आज मिश्रण पातळ देतो. एसयू कार्बुरेटरच्या तळाशी पिस्टन उचलायची छोटी खुंटी असते. ती मिलिमीटरभर उचला. इंजिन क्षणभर किंचित वेग धरून परत सावरलं तर मिश्रण ठीक, लगेच गुदमरलं तर पातळ, वेग वाढून तसाच राहिला तर जाड. चढावर खणखण नॉकिंग ऐकू येत असेल तर या दोन्ही गोष्टी पाण्याच्या आधी तपासा.

राहिली हेड गॅसकेट, जिचं नाव प्रत्येकजण पहिलं घेतो. ती उडाली असेल तर पुरावे सापडतातच. थंड इंजिनाचं झाकण उघडून सुरू करा आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का बघा. एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, तेलाच्या झाकणाखाली साय धरलेली आहे का. फक्त साय असेल तर घाबरू नका. हिवाळ्यात दोन-दोन मैल चालवलेल्या कोणत्याही गाडीत ती धरते. खात्री हवी असेल तर निळ्या द्रवाची चाचणी करा. तो द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर ठेवून पंप मारायचा. पाण्यात जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. हेड उतरवावं लागलं तर ते नुसतं फेसिंग करून परत बसवू नका, आधी चिरा तपासून घ्या. या ओतीव लोखंडी हेडला मधल्या दोन सिलिंडरच्या व्हॉल्व्हांजवळ चीर जाण्याची सवय आहे.

रस्त्यात काटा चढलाच तर हीटर पूर्ण उघडा, ब्लोअरसकट. मे महिन्यात सोलापूर रोडवर हा सल्ला ऐकून बायको गाडीतून उतरेल, पण हीटर म्हणजे दुसरा लहान रेडिएटरच आहे. त्यातून कढत हवा आली तर पाणी फिरतंय. काटा एचवर आणि हीटरमधून गार हवा, तर पाणी संपलंय किंवा अडकलंय, तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकण अर्धा तास उघडू नका. फडका धरून उघडतो म्हणणाऱ्यांचे हात मी पाहिले आहेत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलंत तर मघाची ती चीर तुम्हीच घातलीत.

मी आणलेला नवा रेडिएटर आजही गाडीत आहे. जुना शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवला आहे. मागच्या महिन्यात त्यात पाणी भरून, दाब देऊन, नळी-नळी तपासून पाहिला. एकही नळी बुजलेली नाही, एक थेंबही गळत नाही. १९७८ च्या एमजीबीला बसतो. कोणाला हवा असेल तर घेऊन जावा.